वीणा पळून जात नाही

"तिला सांग, वीणा काय पळून नाय चालली. धीर धर म्हणावं."

मोठे काका हे काकीला सांगत होते. 'तिला' म्हणजे माझ्या आईला. आई तिथून चार हातांवर चुलाणापुढे बसून भाकऱ्या थापत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. पण आमच्याकडे मोठा दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही. बोलणं मधल्या कुणाच्या तरी तोंडातून फिरून यावं लागतं. काकीने काकांच्या हातावर बीपीची गोळी ठेवली, तांब्या दिला, त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग नुसती मान वळवून आईला म्हणाली, "हे म्हणतात, धीर धर गो."

"बरं," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी लसूण सोलत होते. माझ्यासमोर सगळे काहीही बोलतात. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि कमी बोलते, म्हणून मला मराठी अर्धीच कळते, असा आमच्या भावकीचा पक्का समज आहे. तो मी कधी दुरुस्त केला नाही. त्याचा उपयोग होतो.

गावात सप्ताह बसला होता. आम्ही शहापुरात राहतो, पण सप्ताहाचे सात दिवस किन्हवलीजवळच्या आमच्या गावी. त्या सात दिवसांत देवळातली वीणा खाली टेकत नाही. ती सतत कुणाच्या तरी गळ्यात असते, आणि ज्याच्या गळ्यात असेल त्याने बसायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, नाम थांबवायचं नाही. दोन तासांनी दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, तेव्हा पहिला सुटतो. याला पहारा म्हणतात. पहारा बदलला की नव्या माणसाचं नाव माइकवर सांगतात. देवळापुढच्या आंब्यावर भोंगा बांधलेला असतो. त्यातून ते नाव शेतांवरून पार मैदानापर्यंत जातं. गावातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव वर्षातून एकदा तरी त्या भोंग्यातून येतं. जे वर्षभर दारू पिऊन पडलेले असतात त्यांचंही येतं, सात दिवस सोडलेली असते म्हणून. बाईचं कधी आलेलं नाही.

आई मुरबाडकडची. तिच्या माहेरची वाडी लहान. तिथे वीणा बायकांच्याही गळ्यात यायची. त्यामागे काही मोठा विचार नव्हता, पुरुष पुरत नव्हते इतकंच. आजोबांनी पहिल्यांदा तिच्या गळ्यात वीणा घातली तेव्हा ती शाळकरी पोर होती आणि वीणेचा भोपळा तिच्या पोटाहून मोठा होता, असं ती सांगते. पाय दुखले का, असं मी विचारलं होतं. "पाय कुठे गं आठवतात तेव्हा," म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत ही एकच अशी आहे, जी सांगताना ती हातातलं काम थांबवते.

लग्न होऊन ती इकडे आली आणि पहिल्याच सप्ताहात तिने सासूकरवी विचारलं. उत्तर आलं, नवी नवरी आहे, थांब. मग पोर अंगावर पितंय, थांब. ते पोर मी. मग खरं कारण बाहेर आलं. बाईला पाळी येते. पहाऱ्याच्या मधेच आली तर सप्ताह बाटेल. "ती जाऊ दे, मग बघू," काका म्हणाले, अर्थात काकीकरवी.

माझ्या आईने पाळी जायची वाट पाहिली. इतर बायका पाळी जायच्या दिवसांत घाबरतात, चिडतात, घामाने उठून बसतात. आईही उठून बसायची, पंख्याखाली पदर सैल करून. पण तिच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसायचं. कॅलेंडरकडे बघून ती हसायची. त्या समाधानाचा मला इतका राग यायचा की मी खोलीतून निघून जायचे.

गेल्या वर्षी तिने काकीमार्फत कळवलं की आता ती अडचण उरली नाही. आपल्या देहातली अशी गोष्ट दिराच्या कानावर घालणं म्हणजे काय, हे काकांना कळलं नसावं. उत्तर आलं, मंडळींशी बोलावं लागेल, धीर धर. मंडळी म्हणजे तेच आणि आणखी तिघे, रोज संध्याकाळी एकाच पारावर बसणारे. बोलायला एक वर्ष पुरलं नाही.

या वर्षी आईचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. सकाळी ती भिंतीला तोंड करून उभी राहते आणि बोटं भिंतीवर चालवत हात वर नेते. मुंगी चढावी तसा हात चढतो, एका जागी अडतो, ती डोळे मिटते आणि आणखी एक बोट वर सरकवते. वीणेची दांडी खांद्याला लावून तार छेडायची तर हात खांद्यापर्यंत जावा लागतो. अजून जातो. पुढच्या सप्ताहात जाईल असं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तिने यंदा पुन्हा विचारलं, फक्त आजच्या दुपारचा, दोन ते चारचा पहारा. तो ज्या पोराच्या नावावर होता तो क्रिकेटच्या टीमचा कॅप्टन होता आणि आज मैदानावर फायनल होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी उत्तर आलं ते हे, की वीणा पळून नाही चालली.

त्याच दिवशी सकाळी देवळात काकांनी धीरावरच निरूपण केलं होतं. काका बोलतात चांगलं, हे मान्य करायला हवं. आवाज खाली नेतात, थांबतात, समोरच्या बायकांकडे बघतात. म्हणाले, "देव विटेवर उभा हाय. कंबरेवर हात. युगं गेली, पण तो बोलला का, माजे पाय दुखतात? मग तुमी संसारात दोन दिवस उभं रावला तर काय झालं?" बायकांनी माना डोलावल्या. त्या पहाटेपासून उभ्याच होत्या, काकडआरती, मग चहा, मग पंगतीच्या भाज्या. काका लोडाला टेकून बसले होते.

धीर धरा, हे आमच्या तालुक्यात फार ऐकू येतं. तानसा धरणाकडून मुंबईला जाणाऱ्या जाड पाइपांच्या कडेने उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन चालतात, त्यांना सभेत सांगतात, योजना मंजूर आहे, धीर धरा. सप्ताहाच्या मांडवाचे बांबू आदिवासी वाडीवरची माणसं उभे करतात, आणि पंगतीच्या वेळी त्यांनाच सांगतात, ही पंगत उठू दे रे, जरा धीर धरा. मी बोलत नाही, पण बघते. धीर धरा म्हणणारा माणूस एक तर बसलेला असतो किंवा जेवलेला.

आमच्या शाळेत याचा एक पाठ होता. मराठीत बोललं की दंड भरायला लागायचा त्या शाळेत, मूल्यशिक्षणाच्या तासाला पेशन्सवर दहा वाक्यं पाठ करून घेतली होती. ती मी पाठ केली आणि विसरले. अभंग मात्र मी आईच्या तोंडून ऐकले, ती पीठ मळताना, आणि पुढे अक्षराखाली बोट ठेवून हळूहळू वाचले. वाचताना मला धक्का बसला. काका सांगतात ती माणसं त्यांत नव्हती. तिथे लोक देवावर ओरडत होते. त्याला चोर म्हणत होते, कंजूष म्हणत होते, दार अडवून बसत होते, आता नाही आलास तर तुझी अब्रू काढीन म्हणत होते. दळणकांडण करणाऱ्या बाया देवाला कामाला लावत होत्या. त्यांच्यात धीर होता, भरपूर होता, पण तो मुकाट सोसणाऱ्याचा नव्हता. मालकाच्या दारात बसकण मारून उठायचं नाकारणाऱ्याचा होता. इतक्या शिव्यांच्या ढिगातून नेमका धीर तेवढा वेचून बायकांच्या ओटीत टाकायचा, याला अभ्यास लागतो. काकांचा अभ्यास दांडगा आहे.

हे मी एकदा आईला बोलून दाखवलं होतं, शहापूरच्या घरी. मी तिच्याशी तरी बोलते. तांदूळ निवडत होती. "तुला राग येत नाही?" मी विचारलं.

"तो उभा हाय ना," ती म्हणाली, म्हणजे देव, "तो काय हौसेने उभा हाय? त्याला उभा केलाय. दारात आला तर पोरगा म्हणाला, आईबापाचे पाय चेपतोय, होऊ दे, तोवर त्या विटेवर थांब. धीर देवाला धरावा लागला. पोराने नाय धरला." आणि ती हसली, ताटातला खडा उचलून टाकला. "तुझ्या काकांना नको सांगू. त्यांचं निरूपण बिघडेल."

तर त्या दुपारी बारा ते दोनचा पहारा काकांचा होता. पंगत झाली. भांडी झाली. गाव झोपलं, किंवा मैदानावर गेलं. बाबाही तिकडेच, स्कोअर लिहायला. काकी पाठ टेकायला घरी गेली. देवळात काका वीणा घेऊन उभे, आणि टाळ घेऊन साथीला आई, भजनी मंडळातल्या दोघी, शिवाय एक चुलत आजी, जिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. मी खांबाला टेकून बसले होते. माइक बंद होता, लोकांची झोप मोडू नये म्हणून. मैदानावरचा दुसरा भोंगा मात्र चालू होता. नामाच्या दोन आवर्तनांमध्ये "आणि हा सिक्सर" असं ऐकू यायचं.

दोन वाजले. कॅप्टन आला नाही.

काकांनी दाराकडे पाहिलं. नाम चालू ठेवून भुवईने मला बोलावलं. "इंग्लिशवाली, फोन लाव गो त्याला." मी लावला. बंद. परत लावला. बंद.

"येल," काका म्हणाले. "येतंच असंल."

थोड्या वेळाने त्यांनी एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं. मग परत पहिल्या. आधी मला वाटलं पाय दुखत असतील, आणि मला बरं वाटलं. मग नामाची लय वाढायला लागली. टाळवाल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आज बुवा फास्ट लोकल झाले," एक हळूच म्हणाली.

"नाय गो," आजी म्हणाली, तिला हळू बोलता येत नाही. "बीपीची ती पाण्याची गोळी हाय त्यांची. माजीपण तीच. घेतली की तासात दोनदा उठाया लागतं."

बायकांनी पदर तोंडात घातले. काकांच्या कपाळावर घाम आला होता. बुक्का ओघळून नाकापर्यंत आला. वीणा गळ्यात, उंबरा ओलांडायचा नाही. खाली ठेवायची नाही. त्यांनी स्वतः सांगितलेले नियम. गेल्या वर्षी याच नियमांवरून एका म्हाताऱ्याला, पाय वाकवून क्षणभर खांबाला टेकला म्हणून, भर पंगतीत बोलले होते.

आई उठली. मागच्या पडवीत जाऊन तिने हातपाय धुतले, आली, पदर डोक्यावर घेतला आणि देवाला हात जोडून काकांपासून थोडं लांब उभी राहिली. मग मला म्हणाली, "काकांना सांग, मी धरते."

काका तिच्याहून चार पावलांवर होते. मी मधे उभी राहिले आणि खाली बघत म्हणाले, "काका, आई म्हणते, ती धरेल."

"नको," काका म्हणाले. नाम, मग, "सांग तिला, येल कोण तरी. धीर धर म्हणावं."

मी वळले. "आई, काका म्हणतात, धीर धर."

"बरं," आई म्हणाली. पण बसली नाही. तिथेच उभी राहिली, दोन्ही हात पुढे ठेवून, प्रसाद घ्यायला उभे राहतात तशी. उजवा हात डाव्यापेक्षा जरा खाली होता.

मैदानावरून टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी आऊट झालं होतं. पोरगा काही येत नव्हता. काकांचे गुडघे एकमेकांना लागले होते. नाम आता शब्दांसारखं राहिलं नव्हतं, नुसता श्वास येत होता. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, बघू या, किती धरता.

आजी म्हणाली, "अरे दे ना बाबा तिला. देवाच्या पुढ्यात धोतर भिजवतोस का?"

काकांनी दाराकडे पाहिलं, मग बाहेर आंब्याखाली कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. मग आवाज इतका खाली नेला की निरूपणातही नेत नाहीत.

"इकडे ये," मला म्हणाले. "सांग तुज्या आयशीला. पाच मिनटं धर म्हणावं. नुसती धरून रावायची, तार नाय छेडायची. माइक नको लावू. आणि बाहेर कोणाला बोलायचा नाय, या बायांनापण सांग. मी आलोच."

आईला ऐकू गेलं होतं. ती पाऊल पुढे टाकून आली होती. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलं आणि मला कळलं, ती घेईल. पाच मिनिटं म्हटलं तरी घेईल, तार छेडू नको म्हटलं तरी घेईल. घेईल आणि पाच मिनिटांनी परत देईल, आणि पुढच्या वर्षी खांदा वर जात नसताना काकीकडून निरोप येईल, आणि ती बरं म्हणेल. मुतारीला जाऊन येईपर्यंत खुंटीला अडकवावी तशी वीणा तिला अडकवून काका जाऊन येतील. आणि भोंग्यातून तिचं नाव जाणार नाही. ते तर काकांच्या तोंडातूनही कधी गेलेलं नव्हतं. माझ्या जन्माआधीपासून ती त्यांच्यासाठी 'ती' होती, 'तुझी आई' होती, 'पोरीची आयस' होती.

निरोप माझ्यापर्यंत आला होता. पुढे जायला माझंच तोंड हवं होतं. रीतच तशी होती, त्यांचीच.

मी वळले नाही. मी आई आणि काकांच्या मधोमध उभी होते आणि आई माझ्या मागे होती, तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता. "सांग ना गो," काका म्हणाले. मागून आईने माझं कोपर हलकेच धरलं. बाजूला हो, असं ते होतं. मी झाले नाही.

माइक स्टँडला अडकवलेला होता. शाळेत एकदाही मी माइकला हात लावला नव्हता. भाषणाच्या स्पर्धेला मला ताप यायचा. मी तो काढला. खालचं बटण सरकवलं. आंब्यावरचा भोंगा खरखरला आणि बाहेर कावळे उडाले. मैदानावरची कॉमेंट्री मधेच अडखळल्यासारखी थांबली. मी माइक काकांच्या तोंडाजवळ धरला, माझ्याही तोंडापासून तो लांब नव्हता. टाळ थांबले होते. काका माझ्याकडे असे बघत होते जसं मला मराठी येतं हे त्यांना आत्ताच कळलं.

मी म्हणाले, "आधी माइकवर आईचं नाव घ्या, काका. पुरा पहारा तिचा आहे म्हणून सांगा, मग ती वीणा घेईल. आम्हाला घाई नाही."